करजणचं दुसरं घर

सुभानराव फडतऱ्यांनी करजणला दुसरं घर केलंय, ही बातमी आमच्या गल्लीत पहिल्यांदा कुणी आणली हे आता कुणीही कबूल करणार नाही. मंदाकाकी तात्यासाहेबांकडे बोट दाखवतात आणि तात्यासाहेब मंदाकाकींकडे. दोघांचंही खरं असेल. असल्या बातमीला एक जण पीठ आणतो, दुसरा मोहन घालतो आणि तिसऱ्याच्या तव्यावर ती टम्म फुगते.

पण बातमी होती झकास, आणि पुराव्यांची ददात नव्हती. सुभानराव दर गुरुवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, मिशांना तेल लावून करजणची बस पकडायचे. हातात स्टीलचा डबा. संध्याकाळी परत यायचे तेव्हा डबा रिकामा आणि एक गाल चांगला सुजलेला.

"बाई तापट आहे," तात्यासाहेब ओटल्यावर पाय पसरून म्हणायचे. "पाहिलंत ना? या खेपेला डावा गाल."

"मागच्या गुरुवारी उजवा होता," मंदाकाकी शेंगा निवडता निवडता म्हणायच्या. "दोन्ही हात चालतात म्हणजे मेलीचे."

कधी दोन-तीन महिने जाणं बंद व्हायचं. मग गल्ली ठरवायची की भांडण झालं. पुन्हा बस सुरू झाली की समेट झाला. एखाद्या मालिकेसारखं चाललं होतं सगळं, फक्त ती बाई अजून कुणी पाहिली नव्हती.

दुसरा पुरावा याहून पक्का. सुभानराव कुणाच्या घरी जेवत नसत. लग्न असो, बारसं असो, सत्यनारायण असो, माणूस यायचा, आहेर द्यायचा, पंगत बसली की कोपऱ्यात उभा राहून वाढप्यांवर हुकूम सोडायचा, पण पानावर बसायचा नाही. चहा मात्र घ्यायचे, तोही बशीतून. "तिकडचीने शपथ घातलीय त्यांना, माझ्या हातचंच खायचं म्हणून," असं मंदाकाकींनी एकदा सांगून टाकलं आणि ते सगळ्यांना इतकं पटलं की पुढे कुणी विचारलंच नाही. मग सुभानरावांच्या बायकोचं, कुसुमावतींचं काय? त्या बिचाऱ्या रोज दुपारी दार लावून घेऊन मिक्सर फिरवत बसायच्या. "दोन माणसांच्या घरात रोज कसली एवढी चटणी?" असा प्रश्न गल्लीला पडायचा. "दुःख वाटत असेल," तात्यासाहेब म्हणायचे.

आता हे सुभानराव कोण ते सांगतो.

बडोद्यातली आमची गल्ली तशी लढवय्यांची. प्रत्येक घराच्या भिंतीवर एकेक तलवार लटकलेली आहे. दसऱ्याला ती चिंच लावून घासतात आणि दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा गंजायला मोकळी. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, हे प्रत्येक जण सांगतो. पणतू कोण रिफायनरीत, कोण रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, कोण मोबाइलची कव्हरं विकतो. बाहेर "केम छो, मोटाभाई" आणि घरात "आई, डबा झाला का?" असा सगळ्यांचा कारभार. या सगळ्यांत अंगावर खरी वर्दी चढवलेला माणूस एकच, हवालदार सुभानराव. उमेदीची बहुतेक वर्षं त्यांनी एका ट्रेनिंग सेंटरवर रंगरुटांना घडवण्यात घालवली. रिटायर झाल्यावर गोरव्याच्या एका कारखान्यात फाटकावरचा मुख्य म्हणून लागले, आणि कामावर जाण्याआधी प्रतापनगरच्या मागच्या मैदानात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना पळवायला लागले.

पोरं त्यांना उस्ताद म्हणायची. उस्ताद बोलायचे ते दात न उघडता, ओठांच्या फटीतून. सगळ्यांना वाटायचं, ही लष्करी ऐट. शिट्टी वाजवत नसत, टाळी वाजवत. एक टाळी पळा, दोन टाळ्या थांबा. शिट्टी काय रेफरीही वाजवतो, असं पोरं अभिमानाने सांगायची. आणि एक नियम ठरलेला: रोज हजेरीच्या वेळी उस्ताद प्रत्येकाचा उजवा हात धरून पहिल्या दोन बोटांचा वास घ्यायचे. सिगरेटचा वास आला की तो पोरगा मैदानाबाहेर. पोरांनी लिंबू चोळलं, कोथिंबीर चोळली, एकाने तर बहिणीचं अत्तर लावलं. उस्तादांनी त्याला मैदानाभोवती इतकं पळवलं की अत्तराचं नाव निघालं तरी तो अजून धापा टाकतो.

यशराज याच मैदानातला. त्याचे वडील गजेंद्र वर्कशॉपमध्ये फिटर होते. सिगरेटमागून सिगरेट ओढायचे आणि शेवटी घशाच्या कॅन्सरने गेले. आई आनंदी शाळेत मदतनीस आहे. नवरा गेल्यानंतर तिने घरात काडेपेटीही ठेवली नाही, गॅस लायटरने पेटवायची. आणि कॉलेजच्या पहिल्याच वर्षी यशराजच्या पँटच्या खिशात तिला काडेपेटी सापडली.

ती तशीच काडेपेटी मुठीत धरून सुभानरावांच्या दारात आली. मी तिथेच होतो, पेपर परत करायला गेलो होतो. म्हणजे पेपर निमित्त. आत काय चाललंय ते बघायला गेलो होतो.

"भाऊजी," आनंदी म्हणाली, "मला त्याचा पगार नको, तमगा नको. हे व्यसन तेवढं सुटू दे. त्याच्या बापाच्या तोंडात मी चमच्याने पाणी सोडलंय. पुन्हा मला ते जमणार नाही."

सुभानरावांनी मिशीवर हात फिरवला. "भरतीत घालतो त्याला. सेंटरवर सिगरेट चालत नाही. एकाने ओढली तर शिक्षा म्हणून सगळी प्लाटून रगडा खाते, मग बाकीचेच त्याला ओढू देत नाहीत. तिथून बाहेर पडेल तोवर सिगरेट कशाशी खातात ते विसरेल. माझा शब्द, वहिनी."

कुसुमावती चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं, ट्रे खाली ठेवला आणि आत निघून गेल्या. त्या पाहण्यात काहीतरी होतं. मी ते करजणच्या खात्यात जमा केलं.

यशराज भरती झाला. गाडी सुटताना आनंदी रडली नाही. सुभानरावांनी डब्यात चढून त्याच्या दोन बोटांचा शेवटचा वास घेतला आणि मगच खाली उतरले.

सुरुवातीचे फोन वाईट होते. हात थरथरतात, झोप लागत नाही, शेजारच्या खाटेवरच्या पोराशी मारामारी झाली, असं काय काय. आनंदी फोन ठेवून थेट सुभानरावांकडे यायची. ते म्हणायचे, "उतरतंय. उतरू दे." आणि खरंच उतरलं. एक दिवस फोनवर यशराज हसत म्हणाला, "आई, सुटली. वाससुद्धा नकोसा होतो." आनंदीने गल्लीत पेढे वाटले. लोकांनी विचारलं, "बढती मिळाली काय?" ती म्हणाली, "सिगरेट सुटली." मंदाकाकींनी पेढा तोंडात टाकत सांगितलं की असल्या गोष्टीचे पेढे त्यांनी जन्मात पहिल्यांदा खाल्ले, आणि दुसरा उचलला.

ट्रेनिंग संपून शपथेची कसम परेड झाली आणि यशराज पहिल्या सुट्टीवर घरी आला.

आमच्या गल्लीत पहिल्या सुट्टीची एक रीत आहे. शिपायाचा घास म्हणतात त्याला. घरातून गेलेला पोरगा शिपाई होऊन आला की दारात मांडव घालतात, मटणाचा झणझणीत रस्सा करतात, पोराला पाटावर बसवतात आणि गल्लीतला सर्वांत जुना फौजी त्याच्या तोंडात पहिला घास घालतो. घास मोठा हवा, बाहेरून गाल फुगलेला दिसला पाहिजे. मग तो पोरगा उलट त्या फौजीला घास भरवतो. जुना फौजी म्हणजे सुभानराव. गेली कित्येक वर्षं ते घास भरवायचे खरे, पण स्वतःच्या वाट्याचा घास तोंडात घेत नसत. हातात घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि रुमालात बांधून खिशात ठेवायचे. "देवापुढे ठेवतो," म्हणायचे. देव करजणला राहतो, असं आमच्या ओटल्याचं मत होतं.

त्या दुपारी सगळी गल्ली जमली होती. यशराज पाटावर बसला. चांगला भरलेला, काळाभोर झालेला, मान ताठ. आनंदी त्याच्या मागे उभी, पदराने उगाचच हात पुसत. सुभानरावांनी भाकरी कुस्करली, रश्श्यात बुडवली, वर मटणाचा तुकडा ठेवला आणि घास त्याच्या तोंडाशी नेला.

"आ कर, शिपाया."

यशराजने तोंड उघडलं. घास मावेना. त्याने मान जरा मागे घेतली, पुन्हा उघडलं, आणि घास कसाबसा आत ढकलला गेला. रस्सा गालाला लागला मात्र, त्याचे डोळे पाण्याने भरले.

"गहिवरलं बाई पोर!" मंदाकाकींनी डोळ्याला पदर लावला. बायकांना भरून आलं. आनंदीलाही.

यशराज तांब्याभर पाणी प्यायला आणि त्याने दही मागितलं. "तिथलं फिकं खाऊन तिखटाची सवय गेली," तो हसून म्हणाला.

सुभानरावांचा हात अजून तसाच होता, रश्श्याने माखलेला, हवेत. ते त्या पोराच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी आपला घास रुमालात बांधला, कपाळाला लावायचा विसरले, आणि कुणाशी न बोलता घरी निघाले.

"गुरुवारची सोय झाली," तात्यासाहेबांनी मला कोपराने ढोसलं. मी हसलो.

त्यानंतर त्या घरात काय झालं ते मला कुसुमावतींनी पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं. त्यांनी नेहमीसारखं दार लावून घेतलं, रुमालातला घास काढला, त्यात कोमट पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवला आणि पेल्यात ओतून नवऱ्यापुढे ठेवला. एवढ्या वर्षांत एकाही रंगरुटाचा घास त्या माणसाने देवापुढे ठेवला नव्हता आणि टाकलाही नव्हता. प्रत्येक घास असाच दळून प्यायला होता.

त्या दिवशी त्यांनी पेल्याला हात लावला नाही.

"त्याचं तोंड बघितलंस?" सुभानराव म्हणाले.

"बघितलं."

"तिखट लागल्यावर पाणी आलं डोळ्यांत. माझंही असंच सुरू झालं होतं."

"मग सांगा त्याला."

"काय सांगू?"

"तुम्ही आनंदीला शब्द दिला होता."

"सिगरेट सुटेल असा दिला होता."

"सुटली की," कुसुमावती म्हणाल्या. "तुमचीही सुटली होती."

सुभानरावांनी रिकाम्या रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, "मैदानावरची पोरं माझ्याकडे बघून पळतात, कुसुम. त्यांना हे दाखवलं तर उद्यापासून कुणाकडे बघून पळतील?"

"ते मला नाही माहीत. पण आनंदीकडे चमचा अजून आहे."

हे वाक्य आपण बोलायला नको होतं, असं कुसुमावती मला म्हणाल्या. मला वाटतं, बोलल्या म्हणून बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशराज मैदानावर आला. तो येणार हे पोरांना माहीत होतं. सगळी त्याच्याभोवती गोळा झाली. रायफल केवढी जड असते, कोर्समध्ये कोण रडलं, जेवणात काय देतात, प्रश्नांचा पाऊस. एकाने विचारलं, "आणि सिगरेट, यशभाई? खरंच एकसुद्धा नाही?"

"एक कश नाही," यशराजने छाती पुढे काढली. "शपथ. तिथे धूर दिसला की संपलं. मागून उस्ताद, पुढून सेक्शन कमांडर. तुम्हीपण आत्ताच सोडून द्या, नंतर जास्त जड जातं."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुभानराव लांबून ऐकत होते. त्यांनी एक मोठी टाळी वाजवली आणि सगळी पोरं ओळीत उभी राहिली. यशराजही सवयीने ओळीत शिरला.

"आज बोटांचा वास घेणार नाही," उस्ताद म्हणाले. "आज नवीन ड्रिल. उजव्या हाताची तीन बोटं जुळवा. अशी उभी. आता तोंड उघडून दातांमध्ये घाला."

पोरं खिदळली. कुणाला ओकारी आली, कुणी माकडासारखे डोळे वटारले. सगळ्यांची तीन बोटं आत गेली. फक्त यशराजची दोन गेली आणि तिसरी दातांवर अडली. त्याने हसत पुन्हा ढकलली. पुन्हा अडली. हसू हळूहळू उतरलं.

"सर्दी आहे, उस्ताद," तो म्हणाला.

"सर्दीने जबडा धरत नाही."

"मग काय झालं?" यशराजचा आवाज चढला. सगळ्यांसमोर त्याला हे सहन झालं नाही. "तुम्ही करून दाखवा. तुमची जातात का तीन?"

मैदानात असा प्रश्न उस्तादांना कुणी कधी विचारला नव्हता. सुभानरावांनी आपली टोपी काढली, शेजारच्या पोराच्या हातात दिली, आणि तोंड उघडलं.

म्हणजे उघडलं असं आपलं म्हणायचं. दातांमध्ये फट पडली तेवढीच. त्यांनी एक बोट त्या फटीत घातलं. ते अडकलं. दुसरं जाण्याचा प्रश्नच नव्हता. बोट काढून त्यांनी ओठ मागे ओढले आणि आतला गाल दाखवला. जवळ उभ्या पोरांना तो दिसला. पांढराफटक, दोऱ्या ताणल्यासारखा.

कुणी हसलं नाही.

"शिट्टी का नाही वाजवत, ते कळलं ना आता?" सुभानराव म्हणाले. "गाल फुगत नाहीत माझे. फुंकर येत नाही. घरी मिक्सरमध्ये दळून जेवतो मी."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्या पोरांनी मला पुढे, उस्तादांनी मोकळीक दिल्यावर, एकेकट्याने, पुन्हा पुन्हा सांगितलं आहे, आणि प्रत्येकाच्या तोंडी ते जवळजवळ सारखंच आहे.

"आमच्या सेंटरवर धूम्रपान बंदीचा हुकूम आला तेव्हा मी उस्ताद होतो. बिडी ओढायचो, खूप. हुकूम आला त्या दिवशी मी रंगरुटांसमोर बंडल बुटाखाली चिरडलं. साहेबाने पाठ थोपटली. त्याच आठवड्यात एकाने मला मावा दिला. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना. गालात धरला की डोकं शांत. धूर नाही, वास नाही, हातात काही नाही. पोरांना रगडा देताना गालात, परेडवर गालात, साहेबापुढे सलाम ठोकताना गालात. मी स्वतःला म्हणायचो, हुकूम धुराचा आहे. मी हुकूम मोडलेला नाही. नोकरी संपेपर्यंत मी तो हुकूम तंतोतंत पाळला." ते थांबले. "रिटायर झाल्यावर तिखट सोसेना. मग सोडला. पण सोडला तरी मिटलेलं उघडत नाही. मी बोटांचा वास घेत राहिलो तुमच्या. गाल कधी बघितले नाहीत. मला वाटायचं, गाल बघितले तर माझेही कुणी बघेल."

यशराज मान खाली घालून उभा होता.

"उस्ताद, सिगरेट मी खरंच सोडली होती," तो म्हणाला.

"खरंच सोडलीस. मला माहीत आहे."

"पहिले काही आठवडे काहीच नव्हतं. मग सुट्टीवरून आलेल्या एकाने पुडी आणली. तिथे खिसे तपासतात, पेटी तपासतात. तंबाखूला सगळीच बंदी आहे, पण गालात..." त्याने गालावर बोट टेकवलं. "मी आधी कधी मावा खाल्ला नव्हता, उस्ताद. घरी असताना एकदाही नाही. तिथेच शिकलो."

त्याने मोजा खाली केला आणि घोट्याजवळ दडवलेली पुडी काढली. हात पुढे केला.

"मला नको," सुभानराव म्हणाले. "आईच्या हातात दे. मी येतो बरोबर. शब्द माझा होता."

आनंदी अंगणात तुळशीला पाणी घालत होती. दोघांना एकत्र येताना पाहून तिने तांब्या खाली ठेवला. यशराजने पुडी तिच्या हातात ठेवली. तिला आधी कळलंच नाही ते काय आहे. मग कळलं. तिने पोराला मारलं नाही, ओरडली नाही. पायरीवर बसली.

"वहिनी, मी तुम्हाला खोटा शब्द दिला," सुभानराव म्हणाले, आणि तिला आपलं तोंड दाखवलं.

आनंदीने ते नीट पाहिलं. नवऱ्याचं तोंड तिने इतक्यांदा पाहिलं होतं की तिला समजायला वेळ लागला नाही. ती म्हणाली, "गजेंद्र गेल्यावर तेराव्याला तुम्ही माझ्याकडे जेवला नाहीत, भाऊजी. त्यानंतरही कधी नाही. मला वाटायचं, विधवेच्या घरचं नको म्हणून."

सुभानराव या गल्लीत सगळ्यांसमोर ताठ उभे राहिलेले मी पाहिलेत. त्या दिवशी ते आनंदीच्या पायरीखाली, जमिनीवर बसले.

"मला एक पेला द्या," ते म्हणाले. "पातळ काहीही. आत्ता पितो."

तिने कालच्या रश्श्यातलं पाणी वेगळं काढलं, त्यात भात घोटला, गाळला, आणि पेल्यात दिला. सुभानरावांनी तो तिथेच पायरीखाली बसून पिऊन टाकला. त्यांना तिखट लागलं. डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी पुसलं नाही.

त्या गुरुवारी करजणच्या बसमध्ये दोघं चढले, सुभानराव आणि यशराज. संध्याकाळी उतरले तेव्हा सुभानरावांचा गाल सुजलेला, यशराजचा मात्र होता तसाच.

"आता कळलं," मंदाकाकींनी ओटल्यावर जाहीर केलं. "त्या बाईला मुलगी आहे. यशराजसाठी बघायला नेलं होतं."

"पसंत पडलेली दिसत नाही," तात्यासाहेब म्हणाले. "मार नाही बसला."

आमच्या गल्लीत एक गोष्ट मात्र पहिल्यांदाच घडली होती. मैदानावरच्या पंधरा-वीस पोरांना सगळं ठाऊक होतं आणि एकानेही तोंड उघडलं नाही. मलासुद्धा ते कितीतरी नंतर कळलं, आणि तेही सुभानरावांनी स्वतः सांगितल्यावर. मी इतकी वर्षं त्या ओटल्यावर बसून हसलो होतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं. ते म्हणाले, "लिहा तुम्ही. तुम्हाला आवडतं ना लोकांचं लिहायला."

"नावासकट लिहू?"

"नाव नाही घातलं तर मंदाकाकी दुसऱ्या कुणाचं घालतील."

यशराजची सुट्टी संपली आणि तो आपल्या तुकडीवर गेला. त्याचं लवकर कळलं म्हणून बरं, पुडी बंद ठेवली तर तोंड बऱ्यापैकी राहील, असं करजणची डॉक्टरीण म्हणाली. बंद ठेवली आहे का, हे नक्की सांगणारा मी कोण? बंदी तिथे तेव्हाही होती. तो दर रविवारी सुभानरावांच्या फोनवर एक फोटो पाठवतो, तोंडात बोटं घातलेला. पहिल्या फोटोत दोन होती. परवाच्या फोटोत तिसरं निम्मं आत गेलेलं दिसतं. सुभानराव चष्मा लावून तो फोटो मोठा करून बघतात, मग आनंदीला दाखवायला जातात. मैदानावर हजेरीला ते आता बोटांचा वासही घेतात आणि गालही बघतात. पोरं त्यांच्याकडे बघून अजून पळतात. आधीपेक्षा कमी नाही.

गल्लीत ती जुनी बातमी अजून चालू आहे, म्हणून सरळ लिहून ठेवतो.

करजणच्या बाजारात, कापडाच्या एका दुकानाच्या वर, दातांचा दवाखाना आहे. बडोद्यात मैदानावरची पोरं बघतील म्हणून सुभानराव तिथे जात. गालात इंजेक्शनं देतात, म्हणून गाल सुजायचा; एक कोर्स संपला की दोन-तीन महिने जाणं नसायचं. डब्यात दळलेलं जेवण असायचं. त्यांचं तोंड एक बोट उघडतं, म्हणून ते कुणाकडे जेवत नव्हते. ते सुपारी आणि तंबाखूने मिटलं. करजणला त्यांचं दुसरं घर नाही आणि कधीच नव्हतं.